दुसऱ्या बाळंतपणाच्या आधी: स्तनपानाबद्दलची बदललेली मते कशी तपासावीत

तुम्ही लिहिले आहे की पहिल्या बाळाच्या आधी तुमची मते पक्की होती: प्रत्येक आईला अंगावर पाजता येते, वरचे दूध देणाऱ्या आया प्रयत्नच कमी करतात, आणि तुम्ही स्वतः किमान वर्षभर पाजणार. प्रत्यक्षात सिझेरियन झाले, पान्हा उशिरा फुटला, तिसऱ्या दिवशी बाळाचे वजन बरेच घटल्यामुळे पावडरचे दूध सुरू करावे लागले, स्तनाग्रांना चिरा पडल्या आणि अडीच महिन्यांत अंगावरचे पूर्ण सुटले. आता दुसऱ्या वेळचा सातवा महिना चालू असताना तुमचे म्हणणे असे झाले आहे की तुमच्या शरीरात पुरेसे दूध तयार होत नाही, वरच्या दुधाने काही बिघडत नाही, आणि कोणत्याही आईने दुसऱ्या आईला या बाबतीत काही सांगू नये. तुमच्या मोठ्या बहिणीचे नेमके उलट झाले. तीन महिने पाजायचे ठरवून तिने दोन वर्षे पाजले आणि आता तिच्या मते मनावर घेतले की सगळे जमते. तुमचा प्रश्न असा की तुमचे बदललेले मत हे अनुभवातून आलेले शहाणपण आहे की स्वतःची घातलेली समजूत, आणि या वेळी कोणते मत धरून चालावे.

मी बरीच वर्षे प्रसूतिकक्षात आणि बाळंतपणानंतरच्या तपासण्यांमध्ये स्तनपान सल्लागार म्हणून काम करते. पहिल्या वेळी त्रास झालेल्या आणि दुसऱ्या वेळी गरोदरपणातच भेटायला आलेल्या अनेक मातांशी झालेल्या बोलण्यातून मला जे उमगले आहे ते सांगते. तुमची तपासणी मी केलेली नाही आणि तुमचे कागदही पाहिलेले नाहीत. तुमचे थायरॉइड, रक्तातील साखर, पूर्वी झालेली एखादी शस्त्रक्रिया, बाळंतपणातील रक्तस्राव, घरात मदतीला कोण आहे, कामावर कधी परतायचे आहे, या सगळ्यांवर उत्तराचा काही भाग अवलंबून आहे. तरीही विचार कोणत्या वाटेने करावा हे सांगता येईल.

मत बदलले यात मला काहीच वावगे दिसत नाही. अडचण अशी आहे की तुमच्या नव्या मतात तीन निरनिराळ्या जातींची विधाने एकत्र बांधली गेली आहेत. शरीरात पुरेसे दूध होत नाही हे तुमच्या शरीराबद्दलचे विधान आहे आणि ते तपासता येते. वरच्या दुधाने काही बिघडत नाही हे बाळांच्या आरोग्याबद्दलचे विधान आहे. एकाच बाळाच्या अनुभवावरून ते सिद्ध होत नाही आणि खोटेही ठरत नाही. कोणी कोणाला सांगू नये हे वागण्याबद्दलचे मत आहे, आणि त्या बाबतीत तुमचा अनुभव हा भक्कम पुरावा आहे. ही तिन्ही विधाने एकाच दुःखातून जन्मली म्हणून ती सारख्याच वजनाची ठरत नाहीत.

पहिल्या विधानाला मी सर्वांत जास्त जागा देते, कारण दुसऱ्या बाळाच्या वेळी तुम्ही काय कराल हे मुख्यतः त्यावरच ठरणार आहे. दूध तयार होण्याची पूर्वतयारी गरोदरपणाच्या मध्यापासूनच सुरू झालेली असते आणि चीक तेव्हापासून स्तनांत असतो. वार पडल्यावर शरीरातील प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरते आणि त्यानंतर साधारण ३० ते ७२ तासांत दूध भरून येऊ लागते. हा टप्पा मुख्यतः संप्रेरकांवर चालतो. आईच्या इच्छाशक्तीचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. पुढे मात्र सूत्रे बदलतात. स्तनातून दूध किती वेळा आणि किती पूर्णपणे बाहेर पडते यावर पुढचे दूध किती तयार होईल हे ठरू लागते, आणि दूध साचून राहिले की निर्मिती मंदावते. पहिल्या काही आठवड्यांत ही घडी बसते, म्हणून त्या काळात जे घडते त्याचा परिणाम पुढे बरेच दिवस राहतो.

आता तुमच्या पहिल्या बाळंतपणाकडे पाहू. पहिलटकरणींमध्ये पान्हा उशिरा फुटणे अधिक आढळते, आणि सिझेरियननंतरही ते अधिक आढळते. मधुमेह, गरोदरपणाआधीचे जास्त वजन, फार लांबलेली प्रसूती आणि मोठा रक्तस्राव ही त्यात भर घालणारी आणखी कारणे आहेत. तुम्ही दिलेल्या माहितीवरून यांपैकी किमान दोन कारणे तुमच्या बाबतीत होती. दूध उशिरा येणे आणि दूध कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परंतु तिसऱ्या रात्री रडणारे बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या आईला त्यांतला फरक दिसणे अवघड असते, आणि तो तिला त्याच वेळी समजावून सांगणारे कोणी जवळ नसेल तर ‘मला दूधच नाही’ हा निष्कर्ष मनात कायमचा बसतो.

वजनाबद्दलही थोडे सांगायला हवे. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन घटतेच. ७ टक्क्यांपर्यंतची घट बहुधा चिंतेची नसते, १० टक्क्यांच्या आसपास गेल्यास बाळाला आणि पाजण्याला दोघांनाही नीट तपासावे लागते, आणि साधारण १० ते १४ दिवसांत जन्माचे वजन भरून यावे अशी अपेक्षा असते. प्रसूतीच्या वेळी आईला शिरेतून बरेच सलाईन दिलेले असेल तर बाळाच्या अंगातही जास्तीचे पाणी असू शकते आणि पहिल्या दिवसात ते लघवीवाटे निघून गेल्याने घट असते त्यापेक्षा मोठी दिसू शकते. याचा अर्थ तुमच्या बाळाला तेव्हा वरच्या दुधाची गरज नव्हती असा काढू नये. सुस्तावलेल्या, पाणी कमी पडलेल्या बाळाला दूध मिळालेच पाहिजे, आणि तो निर्णय घेणाऱ्या डॉक्टरांनी बाळाचे हित पाहिले असेच मी धरून चालते.

राहून गेले असेल तर ते दुसरे काम, म्हणजे त्याच वेळी तुमचे दूध टिकवण्याचे. बाळाला एकदा पावडरचे दूध मिळाले की ते तीन-चार तास झोपते, आणि तेवढा वेळ स्तनाला मागणीच पोहोचत नाही. अशा प्रत्येक वेळी हाताने किंवा पंपाने दूध काढले नाही, तर शरीर त्याचा अर्थ इतकाच लावते की एवढ्या दुधाची गरज नाही. मग दूध खरोखरच कमी होते, वरच्या दुधाचे प्रमाण वाढवावे लागते, आणि दोन महिन्यांनी आईला वाटते की सुरुवातीपासून असेच होते. त्यात स्तनाग्रांना चिरा. चिरा बहुतेक वेळा बाळाने स्तन उथळ पकडल्यामुळे पडतात. तोंडात फक्त स्तनाग्र आले की ते टाळूच्या कठीण भागावर घासले जाते आणि त्याच पकडीतून बाळाला दूधही कमी मिळते. म्हणजे तुम्हाला झालेल्या वेदना आणि बाळाचे न वाढणारे वजन यांच्यामागचे कारण कदाचित एकच असेल. कोणीतरी शेजारी बसून एक पूर्ण पाजणे पाहिले होते का, हा प्रश्न मी अशा प्रत्येक आईला विचारते. बहुतेकींचे उत्तर नाही असे येते.

खरोखर दूध कमी असणाऱ्या मातादेखील असतात, आणि त्यांना प्रयत्न वाढवा असे सांगत राहणे अन्यायाचे आहे. ज्यांच्या स्तनांत दूध तयार करणाऱ्या ऊती मुळातच कमी विकसित झालेल्या असतात, ज्यांची स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया झालेली असते, ज्यांचे थायरॉइड ताब्यात नसते, ज्यांच्या गर्भाशयात वारेचा तुकडा राहिलेला असतो किंवा ज्यांना बाळंतपणात फार मोठा रक्तस्राव झालेला असतो, त्यांच्यात अडचण शरीरातच असते. गरोदरपणात तुमच्या स्तनांचा आकार अजिबात बदलला नव्हता का, दोन स्तनांत खूप अंतर आहे का, एक स्तन दुसऱ्याहून फारच लहान आहे का, हे आठवून आणि पाहून ठेवा. यांतले काहीही असेल तर बाळंतपणाच्या आधीच डॉक्टरांना सांगा, म्हणजे पहिल्या दिवसापासून वेगळी आखणी करता येते. यांतले काहीच नसेल, तर पहिल्या वेळच्या अनुभवावरून ‘माझे शरीर असमर्थ आहे’ असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही.

दुसऱ्या बाजूला थोडा आशादायक पुरावाही आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका अभ्यासात २२ मातांचे दूध पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही बाळांच्या वेळी मोजले गेले. दुसऱ्या वेळी पहिल्या आठवड्याअखेर सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास अधिक दूध आढळले, आणि पहिल्या वेळी ज्यांना कमी होते त्यांच्यातली वाढ त्याहून मोठी होती. अभ्यास लहान आहे, त्यामुळे त्यावरून तुम्हाला कोणतीही हमी देता येणार नाही. परंतु माझ्या कामात जे दिसते त्याच्याशी तो जुळतो: पहिल्या वेळी चौथ्या-पाचव्या दिवशी पान्हा फुटलेल्या कितीतरी माता दुसऱ्या वेळी तिसऱ्याच दिवशी मला सांगतात की स्तन जड झाले आहेत.

तुमच्या आणि बहिणीच्या मतांतील फरकाकडे मी याच अंगाने पाहते. स्तनपानाबद्दलचे मत कोणत्या आठवड्यात तयार झाले हे पाहिल्याशिवाय त्याची किंमत ठरवू नये, असे मला वाटते. पहिले दोन आठवडे दुखण्याचे आणि जागरणाचे असतात. त्यानंतर सहाव्या आठवड्यापर्यंत बाळ संध्याकाळच्या वेळी तासन्‌तास स्तनाला चिकटून राहते आणि आईला वाटते की दूध पुरत नाही. साधारण सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान बहुतेक जोड्यांची घडी बसते. बाळ पटापट पिऊ लागते, दुखणे थांबते, बाहेर पडणे सोपे होते. तुम्ही अडीच महिन्यांनी थांबलात, आणि तोपर्यंतही दूध टिकवण्याची धडपड चालूच होती. म्हणजे या प्रवासातील चढ तेवढा तुमच्या वाट्याला आला, सपाटीचा रस्ता लागण्यापूर्वी तो संपला. तुमचे मत खोटे नाही. ते चढावर तयार झालेले आहे. तुमच्या बहिणीचे मत दोन वर्षांच्या शेवटी तयार झाले, आणि तेव्हा पहिल्या सहा आठवड्यांच्या वेदना तिच्या आठवणीत उरल्याच नव्हत्या. मनावर घेतले की जमते हे तिचे म्हणणे म्हणूनच मला तुमच्या म्हणण्याइतकेच अपुरे वाटते. तिला वेळेवर पान्हा आला आणि तिच्या बाळाने नीट पकड घेतली, या दोन गोष्टींत तिच्या मनाच्या निर्धाराचा वाटा फार थोडा असणार.

ज्यांचे पहिले बाळ सहज प्यायले आणि दुसऱ्याच्या वेळी सगळे बिघडले, अशा मातांची मते सर्वांत जास्त बदललेली मी पाहिली आहेत. अपुऱ्या महिन्यांचे बाळ, जिभेखालचा पडदा आखूड असलेले बाळ, काविळीमुळे सतत झोपणारे बाळ यांच्या बाबतीत आई तीच असते, शरीर तेच असते, पूर्वीचे कौशल्यही असते, तरी जमत नाही. तेव्हा त्यांच्या लक्षात येते की पाजणे हे दोघांचे काम आहे आणि त्यातला एक जण प्रत्येक वेळी नवा असतो. तुम्ही तुमच्या पहिल्या बाळाच्या अनुभवातून काढलेला निष्कर्षही निम्मा त्या बाळाबद्दलचा आहे, हे विसरू नका.

आता वरच्या दुधाने काही बिघडत नाही या विधानाकडे येते. तुमचे मूल निरोगी आहे, चांगले वाढते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. पावडरचे दूध नीट तयार केले, पाणी आणि भांडी स्वच्छ असली, तर त्यावर बाळ चांगले वाढते हे खरे आहे. परंतु त्यावरून दोन्हींत काहीच फरक नाही असे म्हणता येत नाही. या विषयातला सर्वांत भक्कम अभ्यास बेलारूसमध्ये १९९६-९७ मध्ये जन्मलेल्या १७,००० हून अधिक बाळांवर झाला. काही रुग्णालयांत स्तनपानासाठी मातांना अधिक मदत देण्यात आली, काहींत नेहमीचीच पद्धत ठेवली, आणि कोणते रुग्णालय कोणत्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले गेले. जिथे मदत मिळाली तिथल्या बाळांना पहिल्या वर्षात जुलाबाचे आजार आणि त्वचेचा इसब कमी झाला. पुढे सहा-साडेसहा वर्षांच्या वयात त्या मुलांचे बुद्धिमापनाचे गुण, विशेषतः भाषिक गुण, काहीसे अधिक आढळले. लठ्ठपणा, दमा आणि ॲलर्जी यांत मात्र फरक दिसला नाही. अभ्यासातील सर्वच मातांनी स्तनपान सुरू केलेले होते, त्यामुळे ही तुलना जास्त काळ पाजणे आणि कमी काळ पाजणे यांतली आहे. आईच्या बाजूनेही फायदा आहे: आयुष्यात एकूण जितके महिने पाजले असेल त्या प्रमाणात स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा थोडा कमी होत जातो, हे अनेक देशांतील माहिती एकत्र करून २००२ साली दाखवले गेले.

यावरून मी जे मत बनवले आहे ते असे. फायदे खरे आहेत, आणि जिथे स्वच्छ पाण्याची खात्री नाही तिथे ते जीवनमरणाचे असतात. जिथे पाणी, औषधोपचार आणि पैसा यांची सोय आहे तिथे ते खरे असूनही मर्यादित आहेत, आणि एखाद्या मुलाचे सगळे भवितव्य त्यांवर ठरत नाही. तुमच्या पहिल्या मताने या फायद्यांना भयंकर मोठे केले होते, आणि ते हातून निसटल्यावर सहन करता यावे म्हणून दुसऱ्या मताने त्यांना शून्यावर आणले. यात समजूत घालण्याचा अंश आहे, तुम्ही विचारले आहे म्हणून स्पष्ट सांगते; पण ती समजूत तुम्हाला त्या वेळी आवश्यक होती, आणि तिच्याबद्दल स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. फायदे शून्य न मानताही तुम्ही तुमच्या पहिल्या मुलासाठी योग्य तेच केले असे म्हणता येते, कारण त्याच्या समोर पर्याय भरपूर अंगावरचे दूध की वरचे दूध असा नव्हताच. पुरेसे दूध की अपुरे दूध असा होता.

तिसऱ्या मताबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे मी तुमच्याशी जवळपास सहमत आहे. न विचारता दिलेला सल्ला ओल्या बाळंतिणीला बहुधा आरोपासारखा ऐकू येतो. फक्त एवढीच भर घालते की सल्ला न देणे आणि मदत न करणे यांत अंतर आहे. ‘तू पाजलेच पाहिजे’ असे म्हणणारी व्यक्ती तुम्हाला नको होती. ‘जरा बाळाची पकड पाहू दे, दुखते आहे का?’ असे विचारणारी हवी होती.

आणि मते या क्षेत्रातल्या जाणकारांचीही बदलतात. केवळ अंगावर चार ते सहा महिने पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटना २००१ पर्यंत सांगत होती. त्या वर्षी पुरावे पुन्हा तपासून पूर्ण सहा महिने असे ठरले, आणि त्यानंतर वरच्या आहाराबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक असे आजही सांगितले जाते. स्तन सुजून दुखू लागला तर जोर देऊन मालिश करावी आणि तो पुन्हा पुन्हा रिकामा करावा असे आम्ही मातांना सांगत असू. २०२२ मध्ये त्याबाबतची मार्गदर्शक सूचना बदलली, आणि आता बाळाच्या गरजेपुरते पाजत राहावे, थंड शेक द्यावा, जोराची मालिश टाळावी असे सांगितले जाते. पुरावा बदलल्यावर मत बदलणे हे बरोबरच आहे. प्रश्न फक्त पुरावा कोणता, इतकाच उरतो.

निर्णयाकडे वळण्यापूर्वी मनाचा विचार करायला हवा, कारण तुमच्या पत्रातले मला सर्वांत टोचलेले वाक्य म्हणजे त्या अडीच महिन्यांत तुम्हाला बाळाजवळ जायची भीती वाटू लागली होती. ब्रिटनमधील सुमारे १४,००० जन्मांच्या माहितीवरून २०१४ साली असे दाखवले गेले की ज्यांनी पाजायचे ठरवले आणि ज्यांना ते जमले त्यांच्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा धोका सर्वांत कमी होता, आणि ज्यांनी पाजायचे ठरवले पण जमले नाही त्यांच्यात तो सर्वांत जास्त होता. हे विशेषतः गरोदरपणात नैराश्य नसलेल्या स्त्रियांबाबत दिसले. म्हणजे पाजण्याचा निर्धार तुमच्यासारख्या आईला दोन्ही दिशांना नेऊ शकतो. त्यामुळे ‘या वेळी वर्षभर पाजणारच’ असा संकल्प मी तुम्हाला करायला सांगणार नाही, आणि ‘या वेळी प्रयत्नच नको’ असेही सुचवणार नाही, जोपर्यंत ती तुमची स्वतःची शांतपणे केलेली निवड नाही. पहिल्या वेळी नैराश्य झाले असेल किंवा औषधे सुरू असतील तर ते आताच डॉक्टरांना सांगा. नैराश्यावरची अनेक औषधे पाजताना घेता येतात, आणि औषध की बाळाचे दूध अशी निवड करण्याची वेळ सहसा येत नाही. आणखी एक गोष्ट फार कमी जणींना ठाऊक असते: पान्हा सुटण्याच्या क्षणी काहींना अचानक खिन्नता किंवा घबराट येते आणि मिनिटा-दोन मिनिटांत ती ओसरते. हे शरीरातील संप्रेरकांच्या उतारचढावाशी जोडलेले मानले जाते. तसे तुम्हाला होत होते का, ते आठवून पाहा. ते बाळाबद्दलच्या प्रेमाच्या अभावाचे लक्षण नव्हे.

प्रत्यक्ष आखणी मी अशी करीन. ध्येय महिन्यांत न ठेवता पहिल्या दोन आठवड्यांच्या कामात ठेवा, कारण पहिल्या वेळी घसरण तिथेच सुरू झाली. पुन्हा सिझेरियन झाले तरी तुमची आणि बाळाची प्रकृती ठीक असेल तर शक्य तितक्या लवकर बाळाला उघड्या छातीवर घेता यावे आणि पहिल्या तासात पाजण्याचा प्रयत्न व्हावा, असे आधीच सांगून ठेवा. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणे सामान्य आहे. पहिल्या दिवशी एका वेळी २ ते १० मिलिलिटर चीक ही नेहमीची मात्रा आहे, हे घरातल्या सर्वांना आधीच माहीत असू द्या. नाहीतर ‘एवढ्याने काय होणार’ हे वाक्य तुम्हाला पहिल्या रात्रीच ऐकावे लागेल. हाताने चीक काढण्याची पद्धत बाळंतपणाच्या आधी शिकून घ्या, मात्र प्रत्यक्ष काढण्याचा सराव शेवटच्या आठवड्यांत आणि डॉक्टरांना विचारूनच करा.

पहिल्या दोन दिवसांत कोणाला तरी शेजारी बसवून एक पूर्ण पाजणे पाहायला सांगा. बाळाचे तोंड मोठे उघडलेले, हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग वरून अधिक व खालून कमी दिसणारा, अशी पकड हवी. सुरुवातीचे काही सेकंद खेचल्यासारखे वाटू शकते. त्यापुढे दुखत राहिले तर बोट घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. दात आवळून दुखणे सोसत पाजणे हे आईचे कर्तव्य आहे असे कोणी सांगितले तर ते मानू नका.

दूध पुरते की नाही हे कशावरून ठरवायचे ते आताच ठरवून ठेवा, म्हणजे रात्री दोन वाजता नवे निकष शोधावे लागणार नाहीत. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा अधिक भरपूर ओले लंगोट, पिवळसर पातळ शी, पिताना गिळण्याचा आवाज आणि दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस भरून आलेले जन्माचे वजन, हे विश्वासार्ह निकष आहेत. बाळ रडते, संध्याकाळी सारखे पिते, काही आठवड्यांनी स्तन मऊ पडतात, पंपाने थोडेसेच दूध निघते, यांपैकी कशावरूनही दूध कमी असल्याचे सिद्ध होत नाही. पंपाबद्दल मुद्दाम सांगते: बाळ जेवढे ओढू शकते तेवढे यंत्र ओढेलच असे नाही, आणि बाटलीत दिसलेल्या आकड्यावरून स्वतःला जोखू नका. याउलट बाळ सुस्त असेल, पिण्यासाठी उठवावे लागत असेल, लघवी कमी किंवा विटकरी रंगाची राहत असेल, कावीळ वाढत असेल, तर थांबू नका. त्याच दिवशी दाखवा.

या वेळीही वरचे दूध लागले तर? तर द्या, ठरवलेल्या मात्रेत आणि ठरवलेल्या कारणासाठी, आणि जितक्या वेळा ते द्याल तितक्या वेळा स्तनातून दूध काढा. कधी पुन्हा कमी करायचे हेही डॉक्टरांबरोबर त्याच वेळी ठरवा. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून ती किमान ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात कालवून मग थंड करून द्यावी. काही माता पुढे दोन्ही प्रकारचे दूध देत महिनोन्‌महिने चालवतात. पूर्ण किंवा काहीच नाही, असा विचार तुमच्या पहिल्या मतात होता, आणि माझ्या अनुभवात अनेक जणी त्याच विचारापायी लवकर थांबतात. निम्मे दूध अंगावरचे असणे यालाही किंमत आहे.

थांबण्याचा निर्णय घ्यायचा झाला तर तो वाईट रात्रीनंतरच्या सकाळी घेऊ नका. दोन-तीन बरे दिवस जाऊ द्या, कोणाकडून तरी एकदा पकड तपासून घ्या, आणि तरीही थांबावेसे वाटले तर थांबा. झोप न मिळाल्याने तुमची प्रकृती ढासळत असेल, तर मात्र हा नियमही बाजूला ठेवा आणि लगेच मदत घ्या. अचानक न थांबता एकेक वेळ कमी करत गेलात तर स्तनांत गाठी होण्याचा त्रास टळतो. मोठ्या मुलाचाही विचार आखणीत असू द्या. पहिले सहा आठवडे तुम्ही बराच वेळ बसून असणार, आणि त्या वेळी त्याच्याबरोबर राहणारे माणूस कोण हे आता ठरले तर तुम्हाला पाजण्याची घाई होणार नाही.

पुढच्या तपासणीला जाताना पहिल्या बाळंतपणाचे कागद सोबत न्या आणि तीन गोष्टी विचारा: बाळाचे जन्माचे आणि तिसऱ्या दिवसाचे वजन नेमके किती होते, प्रसूतीत रक्त किती गेले होते, आणि तेव्हापासून आजपर्यंत थायरॉइड व साखरेची तपासणी शेवटची कधी झाली. स्तनांची तपासणीही त्याच वेळी करून घ्या. या माहितीवरून तुमच्या शरीराबद्दलचे ते पहिले विधान कितपत खरे आहे हे बरेचसे स्पष्ट होईल. जी उत्तरे मिळतील ती इथे लिहिलीत, तर पहिल्या आठवड्याची आखणी आपण अधिक नेमकी करू शकू.